कोणत्या रकान्यात काय

गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, टाकीला टेकून बसलं
की दोन कांड्या नेटवर्क येतं.
रात्री साडेदहाला कृषिपंपाची लाईन सुटते,
शिवारभर मोटारी घुमायला लागतात,
मी लॅपटॉप उघडते.

"काय करतं व तू रातभर?" शेषरावकाका विचारतात.
मी सांगते, दारावर एक पहारेकरी आहे, काका.
डोळे तेज, पण अक्षरओळख नाही.
नवं खातं काढायला जो येतो
तो आपला अर्ज घडीत घडी घालून आणतो.
पहारेकऱ्याला सगळा मजकूर सारखाच.
मग मी त्याला सांगते :
वरची घडी उघड, आत 'ग्राहक', त्याच्या आत 'संपर्क',
त्याच्याही आत तिसरी ओळ, तो मेल.
खालचा फोन. त्याखालचा पासवर्ड,
तो कुठे आहे एवढं बघ.

काकांनी शंभरेक लग्नांत आहेर लिहिलेत.
त्यांना लगेच कळलं.
"म्हंजे नाव कोठी, गाव कोठी, रक्कम कोठी.
नाहीतं एकशे एक हेच त्याचं गाव व्हते."
हो काका, तेवढंच.
फक्त आहेर पुण्याहून येतो, महिन्याच्या सात तारखेला.

प्रत्येक घरी रकान्याचं नाव वेगळं.
कोणी सरळ 'ईमेल' लिहितो, कोणी 'लॉगिन',
एका कंपनीत तर नुसतं 'फील्ड सात'.
तिथे आत डोकावून बघावं लागतं.
चुकीची ओळ दाखवली तर पहारेकरी
रात्रभर इमानदारीनं पिनकोड तपासत बसतो.

आणि लबाड येतात.
एकच पत्ता, मधे टिंबं पेरून चारशे वेळा.
पहाटे तीनला एका सेकंदात नव्वद जण नाव नोंदवतात,
कुणाचाच हात कापत नाही,
कुणाचंच आडनाव चुकत नाही.
म्हणून नियम : एका मेलवर तीन खाती. चौथ्याला थांबव.

मंगळवारी सकाळी यादी आली.
एक मेल, बासष्ट खाती, एका दुपारची.
झाडून सगळ्या बाया.
'बनावट' वर बोट ठेवलं होतं मी,
आणि मेल वाचला : निमजे, सेतू, बोरखडी.
माझा अकरावीचा शिष्यवृत्तीचा अर्ज
याच पत्त्यावरून गेला होता.

गुणवंत निमजेचं सेतू गिरणीला लागून.
कीबोर्डवर ज्वारीचं पीठ.
"गटाच्या बाया हायेत त्या. ॲप आलं बचतीचं,
मेल मांगते. कोणाजवळ हाय मेल?
मी माहा टाकला. काय गुन्हा झाला?"
नव्वद पानी वही काढली त्यानं.
उभ्या रेघा मारलेल्या, शिसपेन्सिलीनं, पट्टी न लावता :
नाव. नवऱ्याचं नाव. पासवर्ड.
पासवर्डच्या रकान्यात बहुतेक पोरांची नावं,
एकीनं म्हशीचं सांगितलेलं.

मी बोट फिरवत खाली आले. चौतीस नंबर,
चंद्रभागा नेवारे.
ही कोण?
निमजेनं चष्मा पुसला.
"थे चैतातच गेली. पन हप्ता चालू हाय, सून भरते.
नाव काढलं तं गट फुटते म्हने.
अन् सासूचं नाव आपल्या हातानं कोन खोडते?"

गिरणीचा पट्टा सुटला, कोणीतरी शिव्या दिल्या,
निमजे उठून मदतीला गेला.
मी वही उघडी ठेवून बसले.
नावाचा रकाना बरोबर होता. मेलचा बरोबर.
नवऱ्याचं नाव, पासवर्ड, सगळं आपापल्या जागी.

रात्री गच्चीवर एकसष्ट खाती मोकळी केली.
चौतीसवर आले तेव्हा लाईन गेली,
मोटारी एकामागून एक बसल्या.
लॅपटॉपची बॅटरी अजून चार टक्के होती.
काका खालून म्हणाले, "झोप आता."
पडदा विझेपर्यंत
कर्सर त्याच ओळीवर लुकलुकत होता.