गाजराचे भाऊबंद

टब मुलांचा. दोघं त्यात न्हाऊन मोठी झाली.
एक हेलसिंकीला आहे, एक फोन उचलत नाही.
कोप्लीच्या शेवटच्या ट्राम-थांब्यामागं, परसात,
मी त्यात वाळू भरली, चाळून, खडा न खडा वेचून.
गाजराला वाटेत खडा लागला
की ते दोन पायांचं होतं.

मे उजाडल्यावर पेरलं.
वाऱ्यानं उडू नये म्हणून बी ओल्या वाळूत कालवून, चिमटीनं.
सोबत मुळ्याचे चार दाणे, ओळ कळावी म्हणून.
मुळा चार दिवसांत डोकावतो,
गाजर तीन आठवडे विचार करतं.

शेजारची स्तेफानिया, खेरसोनहून आलेली,
कुंपणावर कोपरं टेकून बघायची.
मला तिची भाषा येत नाही, तिला माझी.
एक तिसरी आहे, दोघींना येते.
ती आम्ही चिखलाच्या बुटांसारखी
दाराबाहेर ठेवतो.

शेपूवरून सुरुवात झाली.
मी म्हटलं, तिल. ती म्हणाली, क्रिप.
गाजर: पोर्गांद. मोर्कवा.
शहाजिरं: क्योमेन. क्मीन.
इथं मात्र दोघी थांबलो,
आणि लग्नात ओळख निघावी तशा हसलो.

कोवळेपणी सगळं गोत सारखंच दिसतं.
शेपू कोण, पार्सली कोण,
पान चोळून वास घ्यावा तेव्हा कळतं.

जूनमध्ये विरळणी. मला ती कधी जमली नाही.
दोन बोटं अंतर ठेवायचं,
पण मधल्यानं काय केलं होतं?
स्तेफानिया भराभर उपटायची,
आणि उपटलेलं सगळं सूपात घालायची.

जुलैत ती रुळांकडून हिरवी जुडी घेऊन आली,
एक देठ ओठांपाशी.
देठावर जांभळे ठिपके.
मी ओरडले, "टाक! विष आहे ते!"
तिसऱ्या भाषेत. बुटांसकट.

तिनं टाकलं. माझ्याच नळावर
साबणानं तीनदा हात धुतले.
मग त्याच भाषेत, हात झटकत, म्हणाली,
"हेल्वे, तुझे उच्चार भयंकर आहेत."

ऑक्टोबरात काढणी.
एवढं चाळूनही एक दोन पायांचं निघालंच,
खडा मात्र सापडला नाही.
शेवटच्या गाजराला हात घातला
तर तिनं माझं मनगट धरलं, बोटानं दाखवलं: राहू दे.
दुसऱ्या वर्षीच फुलतं ते.

पुढच्या वर्षी ती इथं असेल का,
हे विचारायला पुन्हा बूट घालावे लागले असते.
मी टबावर पेंढा पसरला, जाडसर.