पर्यंत

सांस्कृतिक भवनाच्या स्टेजवर मला मधोमध बसवलं,
उजवीकडे नगराध्यक्ष, डावीकडे तो,
समोर सगळं गाव, ओले कोट न काढता.
मी शाळेत इंग्रजी शिकवते, एवढाच माझा अधिकार.
दुभाषीपणाचे सहा हजार दिनार कबूल झाले होते,
वर कॉफी.

तो म्हणाला, अप टू फोर हंड्रेड जॉब्ज.
मी म्हटलं, चारशे नोकऱ्या.

मागच्या रांगेतून एक टाळी आली,
मग तिला जोड मिळत गेली.
एक शब्द माझ्या दातांमागेच राहिला,
आमच्या भाषेत त्याला दोनच अक्षरं लागतात,
आणि टाळ्या चालू असताना
तो बाहेर काढायला मी तोंड उघडलं नाही.

त्याच्या चेहऱ्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं.
बघत होते बुटांकडे.
या गावानं चाळीस वर्षं बूट केले,
अर्धा युगोस्लाव्हिया आमच्या टाचांवर चालला,
इथल्या माणसाला आधी पाय दिसतो, मग माणूस.
"हाताची शिवण आहे," रादोय्का पुटपुटली.
"हाताची किंमत कळते त्याला. नीट पगार देईल."
"कळते म्हणूनच देणार नाही," शेजारचा स्लावोल्युब.

मग ती उभी राहिली.
एकवीस वर्षं टाचा ठोकलेली बाई,
उजवा अंगठा कायमचा आत वळलेला.
"संडासाला जायला चिठ्ठी लागेल का?"
हसले सगळे. ती हसली नाही.
पलीकडच्या खोऱ्यात तिची भाची गाड्यांच्या वायरी बांधते.
तिला लागते.
तो माझ्याकडे वळला. काय म्हणतात त्या?
मी म्हटलं, कामाच्या परिस्थितीबद्दल विचारतायत.
तो म्हणाला, उत्तम प्रश्न.

वुकाशिननं हात वर न करताच सुरुवात केली:
नदी, नदीचं पाणी, आलुबुखाराची बाग,
आजोबांनी कलम केलेली एकशे दहा झाडं,
आणि नकाशावर तिथे ट्रकांचा तळ.
"विकलंत! पुन्हा विकलंत!"
"तुला पेन्शन आहे, तू ओरड,"
बाल्कनीतून तिहोमिर, टोपी मुठीत चुरगळत.
"माझा पोरगा ग्राझला परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतो.
त्याला इथं काम द्या,
मालक चंद्रावरचा असला तरी चालेल."

तिथून पुढे मला कुणाचंच भाषांतर जमेना,
सगळे एकदम बोलत होते,
आणि तो मान हलवत होता
कळल्यासारखी.

शेवटी राकिया आली. त्यानं ओठ लावून ग्लास खाली ठेवला.
त्यावरूनही आठवडाभर दोन तट:
मान ठेवला म्हणणारे,
आणि थुंकला नाही एवढंच म्हणणारे.

मार्चमध्ये फाटक उघडलं. त्रेसष्ट जण घेतले.
तिहोमिरचा पोरगा सुट्टी काढून आला,
फॉर्म भरला, परत गेला.
रादोय्काला पॅकिंगला ठेवलंय.
भेटली तेव्हा म्हणाली, चिठ्ठी लागत नाही गं,
बेल लागते.
आणि पिशवीतून भाचीसाठी घेतलेली छत्री दाखवली,
पहिल्या पगाराची, मोराच्या रंगाची,
तीनदा उघडून, तीनदा मिटून.

त्या सहा हजारांत मी चष्म्याच्या काचा बदलल्या.

काल बेकरीत, बुरेकच्या रांगेत, स्लावोल्युबनं विचारलं,
"बाई, उरलेले तीनशे सदतीस कुठायत?"
जणू मीच ते पिशवीत घालून घरी नेले होते.
मी म्हटलं, तो चारशेपर्यंत म्हणाला होता.
"मग तुम्ही का नाही म्हणालात?"

बेकरीवालीचा हात तराजूवर थांबला.
माझ्या मागे सहा माणसं.
कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांची नजर
माझ्या बुटांवर.