वरचं बूच आधी

मे संपत आलाय. आबानोच्या घाटातला बर्फ
कापायला घेतला, असं बेकरीत कळलं.
म्हणजे आठवडा, फार तर दहा दिवस.

डेलिका वीस मिनिटं गावाबाहेर पळवून आणली.
थंड तेल हटून बसतं,
कोमट झालं की मळासकट निघतं.
मग अक्रोडाखाली चार स्टँडांवर चढवली,
चारी कोपरे सारखे,
कारण कलती गाडी तेलाचं खोटं माप देते.

भिंतीशी स्टुलावर तोरग्वा, माझा बाप.
सत्तावीस उन्हाळे यानेच गाड्या वर नेल्या.
मेंढपाळ, पिठाची पोती, मिठाचे खडे,
एकदा एक शवपेटी, टपावर, दोर बांधून,
आणि आत मेलेल्याची बायको, सबंध वाट
वळणं मोजत बसलेली.
आता त्याला चहा अर्धाच पेला द्यावा लागतो,
उरलेला हिंदकळतो.
गागी पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
काल बाबा म्हणाला, "तू कर. मी बघतो."

मागच्या डिफरन्शियलखाली सरपटत गेले,
चोवीसचा पाना खालच्या बुचाला लावला,
तेवढ्यात पत्र्यावर काठीचा टोला.
"वरचं आधी."
"बाबा, रिकामं तर होऊ दे."
"वरचं आधी, त्सिउरी.
खालून सगळं सांडलंस आणि वरचं उघडलंच नाही,
तर भरशील कुठून? तोंडाने?"

वरचं उघडेना.
डिझेल लावलं, हातोडीने ठोकलं,
पान्यावर लोखंडी नळी चढवून लोंबकळले.
उन्हं अक्रोडाच्या या बाजूची त्या बाजूला गेली.
शेजारची माक्वाला कुंपणावरून म्हणाली,
"गॅरेज आहे ना तेलावीला?"
बाबा तिच्याकडे असा बघत राहिला
की ती कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

चारच्या सुमाराला काहीतरी कडाडलं.
वाटलं, बूच तुटलं.
सुटलं होतं.

मग खालचं. आधी एक काळी धार,
मनगटावरून कोपरापर्यंत,
मग वाइनच्या कापलेल्या कॅनमध्ये.
वास गंधकाचा, नासक्या अंड्याचा,
ज्या वासाने मी लहानपणी झोपेतही ओळखायचे
की घाटावरून बाबा उतरला.

बुचाच्या चुंबकावर करडी लव,
मांजराच्या कानामागे असते तितकी मऊ.
एवढी चालते. दात दातावर फिरला
की थोडं झडणारच.
पण लवेत एक तुकडा होता,
नखाएवढा, एका कडेला चकाकणारा.

मी हात बाहेर काढून दाखवला.
त्याने तो चिमटीत धरला, दोनदा पाडला,
गवतातून दोनदा मी शोधून दिला.
"हा त्या साली," म्हणाला,
"ओमालोच्या खाली, उलट्या गिअरमध्ये…"
आणि थांबला.
तुकडा कोटाच्या आतल्या खिशात टाकला,
मी काही विचारलं नाही.

तांब्याचे नवे वॉशर. खालचं बूच घट्ट.
पंपाने नवं तेल, मधाच्या रंगाचं,
हळूहळू, डब्यामागून डबा.
वरच्या भोकात करंगळी घातली:
कोरडी. परत. कोरडी.
मग पेराला ओल लागली,
मग काठावरून एक थेंब, दुसरा, बारीक धार.
"आलं?"
"आलं."
"थांब. जास्तीचं जाऊ दे."

ट्रान्सफर केस, मग पुढचा डिफ,
दोन्हीकडे वरचं आधी,
न सांगता.

दिवेलागणीला चाचणीसाठी नदीपर्यंत गेलो.
मी चालवत होते, तो शेजारी,
डोळे मिटून, कान खाली लावून.
एका ठिकाणी म्हणाला, "फोर-व्हील काढ. आता टाक."
बाकी काही नाही.

उरलेल्या तेलाच्या डब्यावर तारीख आणि किलोमीटर
त्यानेच लिहायला घेतले, मार्करने.
बराच वेळ लागला.
तीन आहे की आठ, कळत नाही,
शेवटचं शून्य तर डब्यावरून उतरून
पार फळीवर गेलंय.
माझ्याकडे आकडा वेगळा लिहिलेला आहे.
डबा तसाच ठेवलाय, दारासमोरच्या फळीवर.