राखेने धरलेला मासा

बुधवारी पहाटे, पाचूबंदरच्या देवळात,
फादरांचा अंगठा कपाळावर टेकला.
"तू माती आहेस," ते म्हणाले,
आणि मला आठवली चुलीतली राख,
जिच्याशिवाय वाम हातात ठरत नाही.
कोयता उचलावा तर ती निसटते,
नुसता चिकटा, नुसती वळवळ.
आई म्हणायची, राख लाव गो हातांना,
मग बघ कशी गुमान येते.
गुडघ्यांवर होते, म्हणून हसू गिळलं.
मीही कुणाच्या तरी हातून निसटत असेन,
त्याशिवाय का ही चिमूट?

राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची.
दारावर खोचलेल्या, वाळलेल्या,
घरोघरच्या मुलांनी आणून दिलेल्या.
त्यात कार्मेलच्या दारची पण असणार.
कपाळ पुसावंसं वाटलं, खरं सांगते.

चाळीस दिवस मटण नाही.
आम्हा कोळ्यांना त्यात कसला उपास?
शुक्रवारी वरच्या आळीतल्या बाया
पिशव्या घेऊन बंदरावर उतरतात,
पापलेटाचा भाव चढतो.
त्यांचं प्रायश्चित्त, आमचा धंदा.
इनास दारू सोडतो दरवर्षी
आणि ईस्टरच्या दुपारी
सगळी थकबाकी एकदम चुकती करतो.
मी एका वर्षी चहातली साखर सोडली होती.
जीभ आणखीच कडू झाली,
सगळ्यात आधी घरच्यांना कळलं.

कार्मेल माझी जाऊ.
आमच्या दोघींच्या वलांडीमध्ये
दीड हात वाळू आहे.
त्या दीड हातापायी अकरा वर्षं बोलणं नाही.
क्रुसाच्या वाटेला ती डावीकडे, मी उजवीकडे,
तिसऱ्या ठिकाणी तो पडतो,
सातव्याला पुन्हा पडतो, नवव्याला पुन्हा,
आम्ही दोघी मान खाली घालून
त्याच्यासाठी रडतो, आपापल्या रुमालात.

बोंबील कसे टांगतात, पाहिलंय?
दोन घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा
आणि दोरीवर टाकायचे, एक इकडे, एक तिकडे.
एकमेकांना चावत
ते एकत्र वाळतात.
पन्नास वर्षं मी हे हातांनी करत आले,
डोळ्यांना या वर्षी दिसलं.

चौथ्या आठवड्यात रात्री वारा उठला.
कंदील घेऊन बाहेर आले तर
माझी वलांडी उभी, तिची दोरी तुटलेली,
बोंबील वाळूत, आणि कुत्री पायरीपाशी आलेली.
मनात आलं: बरं झालं.
हे मी फादरांना सांगितलंय, तुम्हालाही सांगते.
बराच वेळ उभी होते तशी.
मग कुत्र्यांवर दगड मारला,
दोरीला गाठ दिली,
वाळू झटकत झटकत
जोडी जोडी करून टांगत राहिले.
कंदिलातलं तेल संपलं तेव्हा चाचपडत टांगले.
पाठ मोडली. प्रार्थना बिर्थना काही आठवली नाही,
फक्त मोजत होते.

सकाळी ती बाहेर आली.
दोरीवरची गाठ पाहिली. माझी गाठ
ती ओळखते, आम्ही एकाच सासूकडे शिकलो.
वलांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
बोट फिरवत गेली, परत आली,
आणि अकरा वर्षांनी माझ्याकडे बघून
पहिला शब्द बोलली:
"चार कमी हायेत."

माझ्या जिभेवर काय काय आलं!
भरती यावी तसं आलं, दातांपर्यंत.
तोंड उघडलं,
आणि आतल्या आत कुणीतरी राखेच्या हाताने
ती जीभ घट्ट धरली.

माझ्या वलांडीवरून दोन जोड्या काढल्या,
दीड हात वाळू ओलांडली.
तिने त्या घेतल्या, उन्हात धरून पाहिल्या.
"तुझे बारीक हायेत," म्हणाली.

झावळ्यांच्या रविवाराला अजून आठ दिवस आहेत.
तिने ते बारीक बोंबील टांगलेत,
माझ्या बाजूच्या टोकाला.