गळतीचं पद

घणसोलीत, नाल्याच्या कडेला,
व्हॅनचं मागचं दार उघडं टाकून
मी केबलच्या टोकाला यंत्र लावते.
रात्रीचे पावणेदोन. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी
मोबाइलचा उजेड मारत विचारतं, अजून किती वेळ?
सापडेपर्यंत, मी म्हणते.

कागदावर ही केबल सोपी आहे.
तिचा नखाएवढा तुकडा घ्या:
त्यात थोडा रोध, थोडं प्रेरकत्व,
दोन वाहकांच्या मधे थोडी धारिता,
आणि थोडी गळती,
कारण कुठलंच आवरण पुरतं आवरत नाही.
मग तुकडा लहान करत न्यायचा, शून्याला टेकेपर्यंत,
आणि असे अगणित जोडत जायचे.
पुढे सरकताना दाब उतरतो
तो प्रवाह वेळेनुसार बदलतो म्हणून,
प्रवाह उतरतो तो दाब बदलतो म्हणून;
रोध आणि गळती आपापला वाटा काढून घेतात.
एवढंच. दोन ओळी, एकमेकींच्या ओच्यात बांधलेल्या.
परीक्षेत मी त्यातलं गळतीचं पद खोडलं होतं,
समासात लिहिलं होतं, नगण्य.
त्या शब्दाला दोन गुण मिळाले.

बटण दाबलं. स्पंद निघाला,
मायक्रोसेकंदाला एकशे सत्तर मीटर.
पडद्यावरची रेघ चारशे नव्वदला किंचित उंचावली:
जुना जोड.
पुढे सपाट, सपाट,
आणि साडेसातावर ती खाली कोसळली.
तार तुटली असती तर प्रतिध्वनी सुलटा आला असता.
उलटा आला, म्हणजे
जे एकमेकांना भेटू नये ते भेटलंय.
साडेसात गुणिले एकशे सत्तर, भागिले दोन,
जाणं आणि येणं दोन्ही त्यात आहे म्हणून.
सहाशे साडेसदतीस.
मोजचाक ढकलत मी व्यायामशाळेच्या कुंपणापर्यंत गेले
आणि खडूने फुली मारली.

चांगदेव मढवी मागून आले, हात खिशात.
पुढच्या महिन्यात निवृत्त.
"इथं नाय, मॅडम. बारा मीटर मागं खना."
कशावरून?
"त्यो जोड माझाच. चौऱ्यान्नवचा.
बारा मीटरचं वेटोलं ठेवलंय खाली.
तुमचा ईजेचा गडी वेटोल्यातून बी फिरून आला.
चाक गेलं सरल."

एवढी केबल पुरून का ठेवली?
त्यांनी बुटाने जमीन दाबली,
पिकलं फळ चाचपावं तशी.
"भराव होता. भराव बसतो.
खाली आमची खार हाय. भात लाल यायचा.
उघाडीतून पानी भाईर काढायचं काम बापाचं.
त्यो म्हनायचा, खारी जमीन गप नाय बसत."

सहाशे साडेपंचवीसला पहार मारली.
छातीएवढ्या खोलीवर भराव संपला,
काळी, ओली माती लागली, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली.
आवरणाला नखाएवढं भोक,
तांब्याच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखं मीठ.
मढवींनी मातीची चिमूट उचलली, जिभेला लावली.
"आमचीच," म्हणाले, आणि बत्ती पेटवली.

ते नळी तापवत बसले तेव्हा मला आठवलं,
खोडलेल्या त्या पदाबद्दल पुढच्याच पानावर होतं:
रोधाचं प्रेरकत्वाशी जे प्रमाण
तेच गळतीचं धारितेशी असेल, तर
लाट लहान होत जाते,
तिचा आकार मोडत नाही.
हे मी त्यांना सांगणार होते. पण ज्योत निळी झाली होती
आणि ते श्वास धरून काम करत होते.

पावणेपाचला पुन्हा स्पंद सोडला.
रेघ जोडांवर जराशी अडखळली,
थेट शेवटच्या उघड्या टोकाला जाऊन सुलटी परत आली.
चौथा मजला एव्हाना झोपला होता.

खड्डा बुजवताना मढवी म्हणाले,
"या बारीला नऊ मीटर ठेवलंय. लिहून ठेवा कुठंतरी."
नकाशात वेटोळ्याला चिन्ह नाही.
मी पेन्सिलने एक काढलं, शंखासारखं झालं,
शेजारी लिहिलं:
मढवी. नऊ मीटर. खाली खार.