काहील

फाल्गुनात गुऱ्हाळ विझलं
की सुभानमामा काहील मागून आणतो.
भिलवडीच्या घाटापर्यंत चौघांनी पालथी वाहिलेली,
दोघांनी कृष्णेत ढकललेली.

तिला ना नाळ, ना सुकाणू.
वल्हं मारलं की पुढं जायच्या आधी
स्वतःभोवती एकदा फिरून घेते.

पाणी अजून थंडीतलंच.
पत्र्यातून गारठा मांड्यांना चढतो.
मामा गांडूळ लावतो, त्यावर थुंकतो,
म्हणतो, बोलू नको, वांब ऐकते.
मी गप्प.
काहीलच तेवढी खडकाला घासून
ठण्ण करते.

घाट येतो, सरकतो.
पलीकडचा तुटलेला ऊस येतो,
मग परत घाट.
गळ कुठल्या काठाला टाकला
हे मामाला मासा लागेपर्यंत कळत नाही.

ऊन वर आलं तेव्हा तळाशी
दोन शिंगाळे, हातभर वांब,
आणि कडेला
खरवडायची राहिलेली गुळाची काळी पापडी.
मामानं नखानं उचकटली,
अर्धी मला दिली
माशाच्याच हातानं.
गोड होती.

राखेनं तीनदा घासून परत केली
तरी आप्पा लकडे दरसाल
काहिलीत डोकं घालून हुंगतो,
आणि आमच्याकडं बघतो.