उलटी बाजू

जुन्या अ‍ॅपनं परवा पैसे मागितले,
माझ्याच तारखा मला दाखवायचे.
आत अडकलं तीन वर्षांचं सगळं:
लूमचं ऑइलिंग, यल्लप्पाची उचल,
अक्कानं फोनवर सांगितलेलं
शेंगाचटणीचं माप.

श्रीगादींचा विनय म्हणाला, हे घे, ओपन सोर्स.
दिसायला अगदीच मांजरपाट.
फुकट कसं काय, विचारलं.
उघडं आहे म्हणून, म्हणाला.

अशोक चौकात मामा चादर घेताना
आधी उलटी करायचे,
गाठी कुठं मारल्यात बघायला.
मला कोड वाचता येत नाही.
पण उलट्या बाजूला अस्तर शिवलेलं नाही,
एवढ्यावर घेतलं.

पहिली नोंद : दर पाच दिवसांनी, पाणी.
आज पहाटे चारला
फोन इमानदारीत वाजला.
घागरी मांडून बसलोय.
नळ अजून
सहाव्या दिवसाचा विचार करतोय.